पितृपक्षात आलेला फॉर्म

बाबा,

आई आता माझ्याकडेच असते, घर विकायला काढलंय, म्हणून लेस्टरला आले होते. तुमची जुनी पंचांगं रद्दीत टाकण्याआधी चाळली, तर एकात तो फॉर्म सापडला. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्याशी वाद घालायची माझी खुमखुमी गेलेली नाही. का नाही केलीत हो वेळेवर सही?

विणकाम यंत्रांच्या सुया बनवणारा तुमचा कारखाना बुडाला, तेव्हा कळलं, की पेन्शनचा फंड सांभाळणाऱ्यांनी त्यातला मोठा भाग कारखान्याच्याच शेअर्समध्ये घातला होता. नोकरी आणि म्हातारपणाची सोय एकदमच गेली. कामगारांनी मिळून दावा लावायचं ठरवलं आणि वकिलांकडून फॉर्म आला. मी तेव्हा नॉटिंगहॅमला शिकत होते, शनिवारी घरी आलेली. आई कणीक मळतेय, तुम्ही ओट्याशी उभे आहात आणि मी ते किचकट इंग्रजी तुम्हाला मराठीत सांगतेय. "पंचवीस तारखेच्या आत सही करून पाठवा, असं आहे," मी म्हणाले. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलंत. "पितृपक्ष चालू आहे. अमावास्या होऊ दे, मग करू." मी चिडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "इंग्रजी वाचता आलं म्हणजे सगळं कळतं असं नाही." घटस्थापनेला आंघोळ करून, देवाला नमस्कार करून तुम्ही सही केलीत. मुदत संपून दोन दिवस झाले होते. फॉर्म परत आला, आणि साठी उलटल्यावर चार वर्षं तुम्ही सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रॉल्या ढकलल्यात. ही गोष्ट मी नवऱ्याला, मुलांना, ऑफिसात, कितीदा सांगितली असेल, आणि दरवेळी हट्टी तुम्हीच.

परवा तो फॉर्म घेऊन क्रॉयडनला एका वकीलबाईंकडे गेले. मिळण्यासारखं आता काही नव्हतं, नुसतं जाणून घ्यायचं होतं. वकीलबाई म्हणजे तरुण मुलगीच, इथे जन्मलेली, मराठी जपून, चुकतमाकत बोलते. "एम्प्लॉयरच्या शेअर्समध्ये फंडचा फक्त छोटा पार्ट टाकता येतो, तसा लॉ आहे. केस स्ट्राँग होता," ती म्हणाली. "पण बाबा का थांबले?" मी पितृपक्ष समजावून सांगितला. तिला भारी कुतूहल. "म्हणजे तुमचे आजोबा अँग्री झाले असते?" हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. आजोबा तर जन्मभर युनियनचे. ते म्हणाले असते, आधी सही कर, मग माझं पान वाढ. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं का? की साहेबांवर दावा लावायचा म्हणून हात अडखळत होता? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

मग तिनं कागद उलटला. मागे लिहिलं होतं, की ही तारीख हुकली तरी ज्यानं त्यानं स्वतः पेन्शनच्या लोकपालाकडे तक्रार करावी. फी नाही, वकील नको, प्रकार कळल्यापासून तीन वर्षांची मुदत. "हे त्यांना कोणी सांगितला नाही?" तिनं विचारलं.

माहीत नाही, असं मी म्हणाले. त्या शनिवारी मला सव्वापाचची ट्रेन गाठायची होती, बाबा. मी मागची बाजू वाचलीच नाही.

हे पत्र त्याच पंचांगात ठेवतेय. आई अजून येईल-जाईल त्याला सांगते, की पितृपक्ष आडवा आला. मी शेजारी बसून हो म्हणते.