बाजाराची पहिली चटई

बाबा, शांतिसेनेत असताना तुम्ही ज्या गावाच्या नदीवर पूल बांधलात, तिथला बाजार आता भरत नाही. बातमी कुठे छापून आलेली नाही. इथे हॉलंडमध्ये, न्यूनेनला, सकाळपासून भुरभुर चालू आहे, नवरा आइंडहोवनला कामावर गेलाय, आणि हे तुमच्याखेरीज कुणाला सांगावं ते मला कळत नाहीये.

खडकीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही आफ्रिकेतून नुकते परत आलायत, आई मटार सोलतेय, आणि तुम्ही लढाईबद्दल चकार शब्द न काढता बाजाराबद्दलच बोलताय. पूल झाल्यावर तुम्ही तिथे रोज चक्कर मारायचात. पिल्लांसकट कोंबडी विकायला आलीय का, कुणी आंब्याची रोपं घेऊन बसलंय का, एवढंच बघायला. "अहो, बंदूक घेऊन गेलात आणि कोंबड्या मोजून आलात!" आई म्हणाली. "पळायच्या तयारीतला माणूस रोप विकत घेत नाही गं," असं म्हणत तुम्ही तिच्या ताटातले मटार तोंडात टाकलेत. पुढे मी युद्धानंतरच्या उभारणीच्या कामात शिरले, तोच देश मुद्दाम मागून घेतला, आणि सुट्टीत घरी आले तेव्हा तुम्हाला लॅपटॉपवर आलेख दाखवले. चौक्या, रस्ते, दुकानदारांना दिलेली कर्जं. तुम्ही विचारलंत, "रोपं मिळतात का?" मी हसले. "हसू नकोस. पोलीस पगारासाठी उभा राहतो, पगार थांबला की जातो. बाकीची माणसं कशाच्या भरवशावर थांबतात, ते बघ." त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात, माझ्यावर रागवायला तुम्हाला वेळच मिळाला नाही.

ती माणसं ज्या बाईच्या भरवशावर थांबली होती, ती मला भेटली. सुकी मासळी विकणारी, लहान मुलांची आई, बाजार समितीची प्रमुख, निर्वासितांच्या छावणीत इंग्रजी शिकलेली. त्या बाजारात सकाळी तिने चटई अंथरल्याशिवाय दुसरं कुणी दुकान मांडत नसे. नियम असा नव्हता, पण लढाईनंतर पहिल्यांदा तीच येऊन बसली होती, म्हणून. टिलबर्गच्या आमच्या ऑफिसातून आम्ही तिथे शीतगृह उभं केलं, पुलावर पहारा ठेवला. दर बुधवारी मी तिला फोन करायचे. "सिस्टर, तुमच्याकडे सायकलीलासुद्धा वेगळा रस्ता," ती म्हणायची, "आमच्या टोमॅटोंना एक तरी द्या की!"

यंदा पैसा देणाऱ्या सरकारांनी हात आखडता घेतला. आधी पहारा उठला, मग पुलावर बंदूकवाले येऊन ट्रककडून वसुली करू लागले. मागच्या महिन्यातल्या फोनवर तिने कॅमेरा बाजारावरून फिरवला. लोक आपल्या घरांची दारं विकायला घेऊन बसले होते. चौकटींसकट. मग तिने विचारलं, "तुझी मुलगी इथे असती तर तू काय केलं असतंस?" असल्या प्रश्नाला आम्ही उत्तर द्यायचं नसतं, ते सुरक्षा अधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. समोर माझी लेक पावावर चॉकलेटचा चुरा पसरत होती. मी म्हणाले, "निघा." ती हसली. "चला, कुणीतरी खरं बोललं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चटई अंथरली गेली नाही. मासळीवाल्या उठल्या, मग धान्यवाले, मग शिंपी, आणि आठवडा संपायच्या आत सगळा बाजार सीमेच्या रस्त्याला लागला. ही रीत मला ठाऊक होती, बाबा, पण त्या क्षणी मला फक्त तिची मुलं दिसत होती. ऑफिसातले एक वयस्कर डच सहकारी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यामर." म्हणजे वाईट झालं. इथे बस चुकली तरी हेच म्हणतात. आणि बंदूकवाले? ते अजून पुलावरच आहेत. गावात शिरलेले नाहीत. कदाचित शिरतील. कदाचित शिरलेही नसते, आणि एवढ्या वर्षांत बंदुकांना जमलं नाही ते माझ्या एका शब्दानं झालं. हे मला कधीच कळणार नाही.

काल तिचा सीमेपलीकडून फोन आला. मुलं जेवली, म्हणाली. माझ्या लेकीने मागून विचारलं, "ममा, इज शी ओके?" मी होकारार्थी मान हलवली आणि फोनवर विचारलं, "परत जाणार?"

"जाऊ की," ती म्हणाली. "तू सांगशील तेव्हा."

मी रेंज नसल्यासारखं करून फोन ठेवला. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही गेल्यापासून काल पहिल्यांदाच मला वाटलं, बाबा नाहीत ते बरंच आहे.