खाणवालीचं रडणं

देवसिंग नाईकाचा तांडा, ता. उमरखेड
१४ डिसेंबर १९६१

प्रिय मधुसूदन,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. दसऱ्याच्या भाषणाला मिळालेल्या पहिल्या बक्षिसाबद्दल अभिनंदन. इकडे सर्व ठीक. थंडी पडली आहे, कापूस वेचणी चालू, त्यामुळे माझ्या शाळेत पोरं निम्मीच. याडीनं तुझी आठवण काढली. तूही तिला माझ्यासारखं याडीच म्हणतोस, म्हणून तिला तू दुसरा मुलगाच वाटतोस. तुझं भाषण वाचनालयाच्या वार्षिकात छापणार आणि त्यासाठी ढावल्याच्या चार ओळी हव्यात असं लिहिलंस. त्याचं मग लिहितो.

तू विचारतोस, 'गप्प का? कोटवाली जिंकली म्हणून रुसलास की काय?' वा रे बापा! पुस्तकी मराठीत लिहायले बसलो होतो, पण मले पुस्तकी भाषेत रागच येत नाही. म्हणून आता बोलतो तसं लिहून राह्यलो.

सिनेमातल्या त्या दोन नट्यांवर, कोणीचं दुःख खरं म्हणून, आपण तीन वर्षं भांडलो. दोघींलेही मोठी बक्षिसं भेटली. तुही कोटवाली नवरा मेल्यावर त्याच्या कोटाची घडी घालते, डोळ्यात टिपूस नाही. माही खाणवाली नवऱ्याचं मढं खाणीतून वर आलं की छाती पिटून, सूर लावून, त्याचं एकेक सांगत रडते. तू म्हणे, 'हे रडणं नाही, गाणं आहे.' मी म्हणलं, माह्या तांड्यावर चाल, मग बोल.

तू आलता. माह्या बहिणीच्या, रामीच्या लग्नाले चार दिवस राह्यला. सासरी जाताना आमची नवरी एकेकाले धरून सुरात, शब्द जुळवत रडते, तो ढावलो. म्हातारी धनीबाई महिनाभर रामीले तो शिकवत होती. शेवटचे धडे तू ओट्यावर बसून ऐकले. अन् निघताना रामी तुह्यापुढंही थांबली, तुले वीरा, म्हणजे भाऊ म्हणून रडली. तू चष्मा काढून ढसाढसा रडला. 'लाल्या, मी हरलो,' म्हणला. मी मूर्ख, ते खरं धरलं.

अन् यवतमाळले दसऱ्याच्या सभेत, त्याच दोघींवर भाषण करताना, काय बोलला? 'मंडळी, मी एका तांड्यावर रडण्याची तालीम पाहिली आहे! नवरी चुकली की म्हातारी थांबवते, पुन्हा पहिल्यापासून! रडून झालं की नवरी विचारते, चहा झाला का? खाणवालीचा अभिनय याच थाटाचा.' लोक पोट धरधरून हसले. तू स्वतः रडला, हे काहून नाही सांगतलं? तेवढं सांगतलं असतं तर कोटवाली हरली असती, नाही का?

आमच्या घरी जेवला, निजला, अन् घरातलं नेऊन चव्हाट्यावर मांडलं. लाज नाही वाटली?

तुले ठाऊक नाही, पण त्या दिवशी बायकांच्या बाजूले रामी बसली होती. तिचा नवरा सेवादास आता यवतमाळले जिनिंगात आहे. मीच तिले घेऊन आलतो, मधूभाऊ बोलणार म्हणून.

दिवाळीले रामी घरी आली. माहेरी आलेल्या लेकीनं मायच्या गळ्यात पडून सुरात रडायचं, ही आमची रीत. याडी दारात हात पसरून उभी. रामी खाली वाकली, पाया पडली अन् सरळ चुलीपाशी गेली. याडी तशीच उभी राह्यली. धनीबाईनं विचारलं, 'काहून वं?' तर म्हणे, 'लोक हसतात.' आठ दिवस होती, एक सूर काढला नाही. जातानाही नाही. याडी म्हणते, मी मेल्यावरही पोरगी अशीच मुकी बसन का?

तवापासून याडी मले रोज विचारून राह्यली, 'कोण हसलं माह्या लेकीले?'

तुहं नाव घ्यायले किती वेळ लागते? पण घेतलं नाही. माया म्हणून नव्हे, मधू. हॉल हसला तवा मी चौथ्या रांगेत होतो. इकडे वकील, तिकडे हेडमास्तर, सारे हसून राह्यलते. मीही हसलो. चांगला दात काढून हसलो. मग मागं वळून पाह्यलं. रामी तुह्याकडे पाहतच नव्हती. माह्याकडे पाहून राह्यलती.

ओळी पाठवत नाही. भाषण छापायचं तर छाप, मी कोण अडवणारा? पण तांड्यावर येऊ नको. आला की याडी तुलेही तेच विचारीन. तू तिच्याशी खोटं बोलला तर मले सहन होणार नाही, अन् खरं बोलला तर मले घरात तोंड दाखवाले जागा राहणार नाही.

लालसिंग