वसुलीवाल्यासमोर मराठीत

तंजावूर, बुधवार

प्रिय सतीश,

पाकिटावरचं अक्षर बघूनच कळलं असेल तुला कुणाचं ते. आपल्या लोकांत देवनागरी इतकी वाकडी लिहिणारा मी एकटाच. रविवारी सकाळी मामा आपल्या दोघांना ओट्यावर बसवून बाराखडी गिरवून घ्यायचे, तू शहाण्यासारखा गिरवायचास आणि मी त्यांच्या चपला शेजारच्या गच्चीवर फेकून यायचो. त्याचं फळ आता दिसतंय, चुका सांभाळून घे. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी काय काय करतो ते तुला माहीत आहे. तुझ्या प्रिन्सिपॉलच्या आवाजात तुला कॉलेजातून काढून टाकलं होतं मी, अर्धा दिवस रडलास. आता फोन केला तर तू म्हणशील, पुरे रे, कुणाचा आवाज हा. म्हणून लिहितो. पूर्ण वाच, मग काय ते कर.

मामांशी, स्वतःच्या बापाशी, तू बोलत नाहीस त्याला पाच महिने झाले. दिवाळीला आला नाहीस, पोंगलला आला नाहीस, कोइंबतूर काय दुबईत आहे का? तुला वाटतं मामांनी तुला न सांगता कर्ज काढलं, बुडवलं, आणि वसुलीवाले तुझ्या ऑफिसात फोन करून चार लोकांत तुझी मान खाली घालायला लागले. मामांनी कर्ज काढलं नाही सतीश. एक रुपया नाही. ते कर्ज आमचं होतं. म्हणजे आमचंसुद्धा नव्हतं. नीट सांगतो.

कोर्टाजवळच्या अप्पांच्या दुकानातलं मोठं झेरॉक्सचं मशीन आठवतं? आपण त्यावर गाल ठेवून आपल्या तोंडाच्या झेरॉक्स काढल्या होत्या, ते. बारा-तेरा वर्षांमागं अप्पांनी ते एका फायनान्सकडून कर्जावर घेतलं. हप्ते सगळे भरले. शेवटच्या तीन हप्त्यांच्या पावत्या त्या गुळगुळीत कागदावरच्या होत्या, अप्पांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बीरोच्या कप्प्यात जपल्या आणि आतल्या आत शाई उडून गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढणाऱ्या माणसानं आपल्या पावतीची नक्कल काढली नाही बघ. पुढे ती फायनान्स कंपनी बंद पडली, आम्ही विसरलो. गेल्या जुलैत एकदम चेन्नईहून फोन. तुमचं खातं आता आमच्याकडे आलंय, तीन हप्ते बाकी, व्याज धरून एक लाख बत्तीस हजार. अप्पा म्हणाले, "अस्कं भरलों मी, अस्कं. एक हप्ता सोडलों नाही." ते म्हणाले, पावती दाखवा. अप्पांनी कोरे कागद दाखवले.

मग सुरू झालं. दिवसाला वीस फोन. अम्माला, भुवनाअक्काला तिच्या शाळेत, समोरच्या फुलवालीलासुद्धा. फोन वाजला की अप्पांच्या हातातला भाताचा घास ताटात पडायचा. तेव्हा फोन मी घ्यायला लागलो. एकदा बहिरी आजी झालो आणि त्या चेन्नईच्या पोरीला वत्तकोळंबूची अख्खी कृती सांगितली, मीठ किती ते तीनदा विचारायला लावलं. एकदा रेल्वे स्टेशनची बाई झालो आणि अप्पांचीच गाडी केली. शहाजीराव अनिश्चित काळ उशिरानं धावत आहेत, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अम्मा तोंडात पदर कोंबून हसायची. त्या दिवसांत ती दुसऱ्या कशानं हसायची नाही, म्हणून मी आणखी करायचो. हे कारण म्हणून सांगत नाही. कसं वाढत गेलं ते सांगतोय.

फोननं होईना म्हणून माणूस घरी यायला लागला. सुंदर त्याचं नाव. आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल, इस्त्रीचा शर्ट, अंगठी, बोलायला कडक. गाडी दारात आडवी लावायचा आणि गल्लीला ऐकू जाईल असं तमिळमध्ये ओरडायचा, राव, मोठं घराणं म्हणे तुमचं, राजाकडून गावं मिळाली आणि मशीनचे पैसे देता येत नाहीत? अप्पा आत देवघरात जाऊन बसायचे. अम्मा मात्र अम्माच. दारात आलेल्याला काफी दिल्याशिवाय तिला राहवत नाही. शिव्या घालून झाल्या की तो ओट्यावर बसायचा आणि अम्मा त्याला तांब्या-पितळेच्या त्या चांगल्या पेल्यात काफी द्यायची.

आता आपली सवय तुला माहीत आहे. साडीच्या दुकानात किंमत ऐकून अम्मा गोड हसत आपल्या भाषेत म्हणते, चोर आहे मेला, उठा आता, आणि दुकानदाराला वाटतं बाईंना साडी फार आवडली. बसमध्ये, दवाखान्यात, सरकारी ऑफिसात, अस्के आपले लोक हेच करतात. मराठी म्हणजे आपलं दार लावलेलं घर. बाहेरच्यासमोर बसून त्याच्याबद्दल बोला, त्याला काय कळतंय.

नवरात्रीच्या आधीचा आठवडा. सुंदर काफी फुंकून पीत होता, अम्मा चौकटीत उभी, अप्पा खिडकीआड. मला चेव आला. त्याच्याकडे बघून मान डोलावत, हसत, जणू हप्त्याचंच बोलतोय अशा सुरात मी मराठीत म्हटलं, "अम्मा, या माकडाला श्रीनिवासमामांकडे पाठवून देऊ. पापनाशमची जमीन विकलेत, पैसा बीरोत वास मारतोय. सांगू, मशीनला जामीन तेच होते. आणि ते नाही म्हणाले तर पोरगा आहे कोइंबतुरात, मोठ्या कंपनीत. बापाची अब्रू म्हटली की तो एक दिवसात पैसे पाठवतो, कंपनीचं नाव सांगू का?" आणि सांगितलं की मी. नाव, गाव, सगळं. अम्मा खुदकन हसली. खिडकीआडून अप्पासुद्धा हसले, मी ऐकलं.

सुंदरनं काफी संपवली. पेला खाली ठेवला. पायरी उतरून चप्पल घालता घालता वळला आणि म्हणाला, "काफी लई झ्याक झालती, मावशी."

सतीश, माझे कान कसे झाले सांगता येत नाही. आपली मराठी नव्हे ती, तिकडची, सांगलीकडची. बाजारात सोनं गाळायच्या भट्ट्या आहेत ना, त्यातल्या एका भट्टीवाल्याचा तो मुलगा. जन्म इथला, शाळा इथली, घरात मराठी. दोन महिने तो आमचं सगळं ऐकत होता. मेला, चोर, माकड, सगळं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फोन बंद. अम्मा म्हणाली, लाजला बिचारा, आपल्याच भाषेचा निघाला. मी तर दुकानात बढाई मारली की माकड पळवलं. तो पळाला नव्हता. दोन गल्ल्या सोडून तुझ्या दारात गाडी आडवी लावून उभा होता, आणि तुझ्या ऑफिसात फोन लावून, कर्ज कुणाचं ते न सांगता, नुसतं वडिलांचं देणं थकलंय म्हणत होता.

मग तुझा फोन आला मला. आठवतो ना? दुपारची वेळ, तू ऑफिसच्या जिन्यात होतास, आवाज घुमत होता. तू विचारलंस, "प्रणू, आमचे अप्पा कुणाचं देणं लागतात का रे? कुणाला जामीन राहिलेत का? मला सांगत नाहीयेत, नुसतं नाही नाही म्हणताहेत." मला तेवढंच सांगायचं होतं, माझी मस्करी आहे ती, मामांचा संबंध नाही. एक वाक्य. ते न सांगता मी म्हटलं, "मला कसं माहीत असणार?" इतकं बोलून थांबलो असतो तरी एक वेळ होतं. पण तू गप्प झालास आणि मला वाटलं तुला शंका आली, म्हणून वर आणखी म्हटलं, "म्हातारी माणसं लपवतात रे कधी कधी." हे वाक्य माझं आहे. कुणाच्या आवाजात नाही, माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलेलं. ते लिहायला मला चार तास लागले, तीन कागद फाडले.

त्या संध्याकाळी तू तडजोडीचे म्हणून चाळीस हजार पाठवलेस आणि मामांना काय काय बोललास ते तुमच्याकडे फुलं द्यायला आलेल्या फुलवालीनं ऐकलं, मामा फोन कानापासून लांब धरून उभे होते म्हणे. पुढं तुझा फोन थांबला.

त्यावेळी मी स्वतःला सांगितलं की अक्काचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आहे, मुलाकडचे लोक कुंभकोणमचे, फार विचारपूस करणारे, आता तोंड उघडलं तर सुंदर परत आमच्या दारात येईल. खरं होतं ते. पण मी गप्प बसलो ते अक्कासाठी नाही. तू काय म्हणशील याची भीती वाटली म्हणून. अम्मा-अप्पांनाही तू पैसे पाठवल्याचं मी सांगितलं नाही. त्यांना वाटलं सुंदर कंटाळला.

अक्काचं लग्न जानेवारीअखेर झालं. मामा आले होते. कोपऱ्यात बसून जेवले, पायसम दुसऱ्यांदा घेतलं नाही, तिथंच मला कळायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात मी त्यांना नव्या बसस्टँडला बघितलं, टाउन बसच्या रांगेत, हातात छत्री आणि गणिताची पुस्तकं. एकाहत्तराव्या वर्षी ते मेडिकल कॉलेज रोडला दोन पोरांना शिकवायला जातात, आठवड्यातून पाच दिवस. जमिनीचे पैसे तुझ्या नावावर टाकलेत ना त्यांनी, त्याला हात लावत नाहीत. शिकवणीचे येतात ते एका पाकिटात ठेवतात. चाळीस हजार झाले की तुला पाठवायचे आहेत. ज्याचे गेले त्याला परत जायला हवेत म्हणतात.

त्या दिवशी मी त्यांच्या मागून घरी गेलो आणि सगळं सांगितलं. पायावर पडायचं ठरवून गेलो होतो, पण ते भाजीसाठी मुरुंग्याच्या पानांच्या काड्या खुडत बसले होते, पाय पानांखाली. उभ्याउभ्याच बोललो. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "माहीत आहे रे. पहिल्याच दिवशी तो सांगितला, शहाजीरावांचा पोरगाच बोलला म्हणून." मी विचारलं, मग तुम्ही सतीशला का सांगितलं नाही? तर म्हणाले, "भुवनीचा साखरपुडा होता. तो परत तुमच्या दारात ओरडायला आला असता." आणि मला म्हणाले, बस, आलास तसा या काड्या खुड. मी खुडल्या. सतीश, मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन अम्मा-अप्पांना सांगितलं. अम्मा दोन दिवस जेवली नाही. अप्पा बँकेत गेले, तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा जुन्या खात्याचा उतारा घेऊनच आले. तिन्ही हप्ते त्यात आहेत, तारखेसकट. आम्ही वकिलाकडून नोटीस पाठवली, पोलिसांत लेखी दिलं, त्यात मामांना आणि तुला दिलेला त्रासही लिहिला. वकील म्हणतात तुझे पैसे परत मागता येतील, तू पाठवल्याचा बँकेचा कागद लागेल. मिळतील ते मिळोत. मी माझी गाडी विकली, एकतीस हजार आले, ते तुझ्या खात्यावर टाकलेत, बाकीचे दोन महिन्यांत टाकतो. मामांकडे नेले होते, घेतले नाहीत. सुंदर परवा बाजारात दिसला. मी बघून न बघितल्यासारखं केलं. त्याला काय बोलणार, त्यानं माझंच बोलणं वापरलं.

आता हे पत्र का ते सांगतो. लग्न होऊन पाच आठवडे झाले, आता तर मामांना गप्प बसायचं कारण नव्हतं. काल मी परत गेलो आणि म्हटलं, मामा, आज तरी सतीशला फोन करून खरं सांगा, नाहीतर मी सांगतो. त्यांनी मला शपथ घातली, सांगायचं नाही म्हणून. म्हणाले, "त्याला कळलं तर तो तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. लहानपणापासून तुम्ही दोघंच एकमेकांना. माझं काय, मी बाप आहे, आज ना उद्या येईलच तो माझ्याकडे." म्हणजे माझा मित्र जाऊ नये म्हणून त्यांनी आपला मुलगा पाच महिने गमावून ठेवलाय. मी रात्रभर हिशेब केला, मला हा व्यवहार परवडत नाही. म्हणून शपथ मोडली. तू माझ्याशी बोलू नकोस, हे ठरलं असं मी धरून चालतो, त्याबद्दल काही म्हणणार नाही. त्यांना फोन कर. शिकवणीला साडेचारला निघतात, त्याच्या आधी कर. ते कर्जाचं काही काढणार नाहीत, जेवलास का एवढंच विचारतील, तर तू फोन ठेवू नको.

तुझाच, आणि हे खोडायचं असेल तर खोड,
प्रणवेश