डाव्या आरशाचा बंदोबस्त

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.
गाडीचा डावा आरसा गेला. फुटला नाही, पडला नाही. कोणीतरी सफाईने काढून नेला. जागेवर दोन वायरी लोंबतायत.

वॉचमनला विचारलं. त्याने आधी जांभई दिली आणि मग म्हणाला की, गाडी तर आहे ना साहेब. या माणसाला आम्ही पगार देतो. त्याला नाव आहे, पण जांभई हेच शोभतं. यापुढे तेच लिहीन.

बायको डबा भरत होती. म्हणाली, नवा बसवून घ्या. म्हणजे चोराने तोही न्यायचा. एवढं साधं तिच्या डोक्यात येत नाही, आणि ही बाई लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते.

मी घाबरलेलो नाही. संतापलोय. नळांच्या कारखान्यात तपासणी विभाग माझ्या हाताखाली आहे. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय नळ बाहेर पडत नाही. नळ तपासता तपासता माणसंही तपासता येऊ लागतात. या बिल्डिंगमधले बहुतेक नग रिजेक्ट आहेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पोलीस चौकी. हवालदाराने विचारलं, फक्त आरसा? 'फक्त' वर जोर. मी आरशाचं महत्त्व समजावून सांगितलं. ऐकता ऐकता त्याने चहा मागवला. एकच.

तिथून ॲक्सेसरीजच्या दुकानात. दुकानदाराने गाडीकडे नुसतं पाहिलं आणि नेमका तोच आरसा काढून समोर ठेवला. इतक्या पटकन? माल कुठून येतो हे शेंबड्या पोरालाही कळेल. घेतला नाही. चोरांच्या बाजाराला माझा हातभार लागणार नाही.

आरशावाचून अडत नाही. डावीकडून येणाऱ्यांनी मला बघावं.

८ फेब्रुवारी, रविवार
संकल्प. चोराला काढता येईल असं गाडीवर काही ठेवायचंच नाही. आधी आपण काढायचं.

उजवा आरसा, वायपर, चाकांच्या टोप्या, अँटेना, सगळं काढलं. कंपनीचं चिन्हही काढलं. त्याबरोबर थोडा रंग आला. चालायचंच.

सगळं सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या पलंगाखाली ठेवलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या आमच्याकडे आहेत. विचारत होत्या, जावईबापू, गाडी भंगारात काढली का. त्यांना बहुतेक अजून नीट दिसत नसावं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
पद्धत बसली. सकाळी सगळं लावायचं, बायकोला लॅबवर सोडायचं, संध्याकाळी सगळं काढायचं. बायकोला रोज उशीर होतो. कालपासून ती बसने जाते. शिस्त सगळ्यांना झेपत नाही. तिला सोडायचं नसल्याने मी थेट कारखान्याच्या बसने जातो. एका अर्थी उत्तमच. गाडी बाहेर न्यायचीच नाही म्हटल्यावर धोका अर्ध्यावर येतो.

सासूबाईंच्या पायाला चाकाची टोपी लागली. अंगठा काळानिळा. पाय टाकताना बघायला नको?

१५ फेब्रुवारी, रविवार
गाडी पुसत होतो. तिसऱ्या मजल्यावरचे पांढरे बूट आले. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, म्हणून पायात कायम पांढरे बूट. मी ठेवलेलं हे नाव अनेकवचनी निघाल्यामुळे त्यांना उगाच आदर द्यावा लागतो. आता बदलायचा कंटाळा.

त्यांची गाडी माझ्याच कंपनीची, पण जुनी. दार लॉक नाही, काच अर्धी उघडी. मी म्हणालो, असं ठेवलंत तर चोर येईल. तर म्हणाले, आला तर बसेल घटकाभर, सावलीत आहे.

चोराची भीती नसलेली माणसं दोन प्रकारची. एक मूर्ख. दुसरा स्वतः चोर.

निघताना त्यांच्या गाडीकडे नीट पाहिलं. सगळ्या अंगावर धूळ. डावा आरसा मात्र चकचकीत. नवाकोरा.

१८ फेब्रुवारी, बुधवार
सहज विचारल्यासारखं केलं. म्हटलं, आरसा छान आहे. पांढरे बूट म्हणाले की, आधीचा गेटच्या खांबाला घासून मोडला, म्हणून बदलून घेतला. किती तयार उत्तर. खऱ्या माणसाला आठवावं लागतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली की, परवा आईच्या डोळ्यांचे थेंब संपले होते, ते त्यांनीच आणून दिले. मग? घरात शिरायचा तोच तर रस्ता. आज थेंब, उद्या टीव्ही. ती म्हणाली, तुम्ही जरा झोपा.

कारखान्यातही आज सगळे नग सदोष वाटले. पुष्कळ रिजेक्ट केले. सुपरवायझर कुरकुरला. त्याचं काय, त्याला माल बाहेर काढायचा असतो.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.
कारवाई केली.

बिल्डिंग जेवून सुस्त. जांभई खुर्चीत घोरत होता. त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. खिशात स्क्रूड्रायव्हर. पांढऱ्या बुटांच्या गाडीचं दार उघडंच. आतून स्क्रू सैल केले, वायर सोडवली, आरसा हातात.

याला चोरी म्हणत नाहीत. जप्ती म्हणतात. स्क्रूड्रायव्हर दोनदा हातातून निसटला, तो स्क्रू घट्ट असल्यामुळे.

आरसा कपाटात, स्वेटरच्या घडीखाली. बायकोला कामाच्या वेळी सांगीन. तिच्या पोटात काही राहत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
आरसा माझ्या गाडीला बसत नाही. भोकं जुळत नाहीत, वायरीचं टोकही वेगळं. स्पष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून त्यांनी त्यात बदल केलेत. नळाच्या बाबतीत असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, दुसऱ्या मॉडेलचा नग आहे. पण इथे गाठ मुरलेल्या माणसाशी आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार
काही म्हणजे काही आरडाओरडा नाही. जांभईकडे मुद्दाम विषय काढला. तो म्हणाला की, तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचाही आरसा गेला. पण ते म्हणाले, कोणाला तरी गरज असेल, बघू सवडीने.

सवडीने. माझा गेला तेव्हा मी अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली होती. निरपराध माणूस असा वागतो. हा माणूस गप्प आहे, याचा अर्थ आणखी काय असणार?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
गप्प माणूस सूड उगवतो. तयारी पूर्ण. स्टिअरिंगला आडवा दांडा. गिअरला वेगळं लॉक. शिवाय मेकॅनिककडून एक छुपं बटण बसवून घेतलं. ते दाबल्याशिवाय पेट्रोल पुढे जात नाही. बटण कुठे आहे ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

गिअर लॉकची किल्ली घरात ठेवणं धोक्याचं, कारण पांढरे बूट थेंब घेऊन येतात. म्हणून ती कारखान्यातल्या माझ्या लॉकरमध्ये.

बायकोने विचारलं, अहो, मग गाडी चालवायची कधी? बंदोबस्त आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावलं. ती हसली नाही. हल्ली हसत नाही.

२ मार्च, सोमवार. दुपारी. हॉस्पिटलच्या बाकावर. हे औषधाच्या पाकिटावर लिहितोय, नंतर उतरवून काढीन.
सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसल्या. घामाने भिजलेल्या. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. बायको म्हणाली, गाडी काढा. ती एरवी असं सांगत नाही. मी पळालो.

दांडा काढला. बटण दाबलं. गिअर लॉक. किल्ली लॉकरमध्ये, कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. लॉक हाताने ओढून पाहिलं. लॉक चांगल्या प्रतीचं आहे. अँब्युलन्सला फोन केला, ते म्हणाले, जवळ कुठली नाही, वेळ लागेल.

जिन्यात आवाज आला. बायको आणि पांढरे बूट सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली आणत होते. मी गाडीत वाकून, गिअर पकडून उभा. बायकोने एकदा माझ्या गाडीकडे पाहिलं.

त्यांच्या गाडीचं दार उघडंच होतं. मायलेकी मागे बसल्या, मी पुढे डावीकडे. मोठ्या रस्त्याला लागताना पांढरे बूट म्हणाले, "या बाजूचा आरसा नाहीये हो. तुम्ही जरा बघून सांगाल का मला?"

मी काच खाली केली. मान बाहेर काढली.

रस्ताभर तेच. ट्रक येतोय, थांबा. गेला, निघा. स्कूटर. स्कूटर गेली. आता घ्या डावीकडे. प्रत्येक वेळी ते मी म्हणेन तसं करत होते. एकदाही मान वळवून खात्री करून घेतली नाही. माझ्या शब्दावर त्यांनी भर गर्दीत गाडी घातली. पाठीमागे सासूबाई कण्हत होत्या आणि बायको म्हणत होती, आई, आलंच, आलंच.

डॉक्टर म्हणाले की, वेळेवर आणलंत. आता आयसीयूत आहेत.

माझ्या सूचना अचूक होत्या, हे नमूद करतो.

४ मार्च, बुधवार
सासूबाईंना उतार आहे. पाच मिनिटं भेटू दिलं. त्या नर्सला सांगत होत्या की, आमचे जावईबापू अख्खा रस्ता मान बाहेर काढून होते हो, एवढी काळजी. नर्स माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी काही दुरुस्ती केली नाही. हृदयाच्या पेशंटशी वाद घालू नये.

पांढरे बूट बाहेर बसले होते. मला अर्धं केळं दिलं. घेतलं.

६ मार्च, शुक्रवार
बायको घरी आली होती. हॉस्पिटलात एसी फार असतो म्हणून स्वेटर न्यायला. मी पुढे झालो, म्हटलं, थांब, मी काढून देतो. तोवर तिने कपाट उघडलेलं होतं.

तिने आरसा टेबलावर ठेवला. स्वेटर घातला. बटणं लावली. मी जप्तीची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली. ऐकून घेतलं तिने, अगदी थेंबांपर्यंत. मग म्हणाली, "आईला मी यातलं काही सांगणार नाही. तिला तुमचं फार कौतुक वाटतंय." आणि बस पकडायला गेली.

भांडली असती तर उत्तरं तयार होती.

७ मार्च, शनिवार
आरसा बसवायला खाली गेलो. वेळ अशी निवडली की कोणी नसेल. निम्मं काम झालं आणि पांढरे बूट समोर. मी ठरवलं होतं, विचारलं तर सांगायचं, सापडला. कुठे, हेही ठरवलं होतं.

विचारलंच नाही. म्हणाले, वा, बरं झालं. स्क्रू तळहातावर घेऊन उभे राहिले, मी मागेन तसा एकेक देत. मी म्हणालो की, हा आरसा, म्हणजे त्याचं काय झालं. तर म्हणाले, "असू दे हो. उद्या त्यांना घरी आणायचंय, तुमची मान तरी आखडायची नाही."

त्यांना माहीत आहे की नाही? चेहऱ्यावरून कळेना. मूर्ख म्हणावं तर तसे वाटत नाहीत. बिलंदर म्हणावं तर स्क्रू धरून उभा कशाला राहील माणूस? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नग हातात घेऊन पास की रिजेक्ट ते सांगता आलं नाही.

८ मार्च, रविवार
डिस्चार्ज. काल कारखान्यात जाऊन किल्ली आणली होती. सासूबाईंना आपल्या गाडीतून आणायचं ठरवलं. पहाटेच उठून दांडा काढला, लॉक काढलं, वायपर, टोप्या, उजवा आरसा, सगळं जागच्या जागी. मागच्या सीटवर चादर अंथरली. गाडी सुरू केली. झाली नाही. उभी राहून राहून बॅटरी बसलेली. जांभईने धक्का मारला. मनापासून मारला, खोटं कशाला लिहू. तरी नाही.

बसने गेलो. पोचलो तेव्हा पांढऱ्या बुटांची गाडी निघतच होती. सासूबाई मागे टेकून बसलेल्या, बायको त्यांच्या शेजारी. पुढच्या डाव्या सीटवर उश्या, थर्मास आणि औषधांची पिशवी. मी दाराशी गेलो. पांढरे बूट सामान हलवायला लागले. बायको म्हणाली, "राहू दे. आता आरसा आहे."

सासूबाईंनी काचेतून हात केला. मी डावीकडे बघून सांगितलं की, रस्ता मोकळा आहे. तोवर गाडी वळलीही होती.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही.

संध्याकाळी खाली चक्कर टाकली. सकाळच्या घाईत गाडीचं दार उघडंच राहिलं होतं. दोन्ही कुलपं सीटवर पडलेली. दिवसभर कोणी हातही लावला नव्हता.