मंगरूची पाकोळी

केशोरी, रविवार. जानेवारी १९३४

दुपारची गोष्ट डोक्यातून जात नाही. जंगलखात्याच्या साहेबांना पाखरांचं वेड, म्हणून मी त्यांना टेकडीवर नेलं. कड्यापाशी पाकोळ्या फिरत होत्या. मी म्हणालो, "इथल्याच आहेत, बारमाही."

सामान वाहणारा मंगरू माझ्या कानाशी आला. "नाही गुरुजी, हे पहाडातली हाय. थंडीतच येते. आपली धुरावानी काळी, हिचं पोट फिक्कं."

दुर्बीण लावली. पोट फिकंच होतं, अंगानंही मोठी. मी वळून साहेबांना म्हणालो, "माफ करा, आता नीट दिसलं. ही उत्तरेकडच्या पहाडातली." साहेब खूश झाले. वहीत त्यांनी माझं नाव लिहिलं. मंगरू दोन पावलांवर उभा होता. त्याचं नाव घ्यायला मला काय झालं होतं? ते फिकं पोट मी आपण होऊन पाहिलं असतं का? कधीच नाही.

उतरताना त्याला म्हणालो, "मंगरू, तुझं नाव सांगायचं राहिलं रे."

"राहू द्या गुरुजी. माहं नाव सांगतलं असतं तं साहेबानं लिवलंच नसतं."

ते ऐकून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच आता जास्त लाज वाटते आहे.