गॅरेजमधला पांढरा दिवा आणि निळी किनार

३ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. शिल्पाने, म्हणजे सुनेने, फोनमध्ये सोय करून दिली. मी बोलते, तो लिहितो. मला अक्षर येत नाही, त्यामुळे हे मीसुद्धा वाचणार नाही. गुपित ठेवायला याहून पक्की जागा सापडायची नाही.
संकल्प एकच. तनूच्या बाळाला गोधडी. तनू माझी नात, बेसिंगस्टोकला असते, याच महिन्यात मोकळी होईल. बारसं इथे कॉव्हेंट्रीत, आमच्या घरी, नोव्हेंबरअखेर. शिल्पाने दुकानातून हत्तींच्या चित्रांचं ब्लँकेट आणून ठेवलंय. बॅकअप म्हणे. हात लावला तर बोटं चिकटली. शी. पाळण्यात बाळ जाईल ते माझ्या गोधडीवर. नाहीतर मी बारशाला बसणार नाही.

५ ऑक्टोबर
गाठोडी सोडून फ्रंट रूममध्ये चिंध्या मांडल्या. संध्याकाळी राजीव म्हणाला, आई, तुला गॅरेज देतो, तुझं स्वतःचं वर्कशॉप. केवढा मान! नंतर कळलं, शिल्पाच्या मैत्रिणी यायच्या होत्या.
गॅरेज म्हणजे कोळी, ओल आणि गवत कापायच्या मशीनचा वास. वर एक बल्ब, त्याचा उजेड त्याला स्वतःलाच पुरत नाही. या देशात दिवे लावतात ते अंधार नीट दिसावा म्हणून.
छताला एलईडी दिव्याची पट्टी लावायचं ठरलं. दोन दिवसांत होईल.

१४ ऑक्टोबर
झालं नाही. राजीव रिव्ह्यू वाचतोय. माझा मुलगा लग्नाला एका दुपारी हो म्हणाला होता, आणि आता छताच्या पट्टीसाठी आठवडा झाला. ल्युमेन म्हणजे उजेड किती ते, केल्विन म्हणजे उजेडाचा रंग कसा ते, असं मला जेवताना शिकवतो. आमटी गार.

१८ ऑक्टोबर
पहिली पट्टी आली. हिला डोळा आहे. माणूस हलला की लागते, थांबला की विझते. सुई ओवताना कोण हलतं? मी दोरा तोंडात धरून स्थिर बसले की दिव्याला वाटतं, गेली म्हातारी. मग अंधारात हात हलवायचे. शेजारचा गोरा रस्त्यावरून जाताना मला उलट हात करून गेला.
परत पाठवली.

२० ऑक्टोबर
तनूला मुलगी झाली! फोनवर दिसली. नाक आमच्याकडचं. नातजावई इथन रडत होता, चांगला मुलगा आहे.
गोधडीला अजून टाका नाही. पण मनात पूर्ण तयार आहे, म्हणजे अर्धं काम झालंच.

२३ ऑक्टोबर
दुसरी पट्टी. पिवळी. वॉर्म म्हणे. आजारी माणसाच्या उशाशी लावतात तसला उजेड. पांढरं कापड कालच्या वरणासारखं दिसलं. किळस आली. काढायला लावली. राजीव शिडीवरून काहीतरी इंग्रजीत पुटपुटला.

२६ ऑक्टोबर
घड्याळं मागे केली. पाच वाजायच्या आत काळोख. शी, काय देश.
राजीवने दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावून दाखवल्या. एक महागातली, हिच्यात रंग खरे दिसतात, शंभरपैकी नव्वद मार्क आहेत म्हणाला. मी विचारलं, उरलेले दहा कुठे गेले? दुसरी मार्केटमधली, साधी, तिचा केल्विन साडेसहा हजार. पहिलीचा चारच हजार. म्हटलं, सरळ हिशेब आहे, जास्त ती घे. तो म्हणाला, आई, आकडा मोठा म्हणजे दिवा चांगला असं नसतं गं, नुसता जास्त निळसर असतो, आणि हिला रंगाचे मार्क बॉक्सवर लिहिलेलेच नाहीत.
मार्क मला कोणी सांगायचे नाहीत. मी पुण्यात तीस वर्षं साड्यांना फॉल लावले. कच्च्या बायका मॅचिंगचं कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर जायच्या, उन्हात धरून बघायच्या. मी खुर्ची सोडली नाही कधी. दिवा मला रंग दाखवणार? मी दिव्याला दाखवीन.
साडेसहा हजारवाली लागली. काय लखलखाट! एकदाचा उजेड म्हणावा असा उजेड.

१ नोव्हेंबर
कामाला वेग. शिल्पाच्या राखाडी ब्लाउजचे हूक बसवून दिले, जाता जाता. तिने विचारलं, आई, दोरा हिरवा का घेतलात? बिचारीचे डोळे दाखवायला हवेत. दिवसभर कॉम्प्युटर.

६ नोव्हेंबर
मधला भाग जमला. माझी जुनी इरकल, शिल्पाच्या ओढण्या, राजीवचं मुंजीतलं सोवळं. किनारीचं ठरलं आहे: तनूच्या शाळेचा निळा स्कर्ट. तो घालून ती रोज रडत शाळेत गेली, आता तिची लेक त्यावर हसत झोपेल. हा विचार माझा. राजीवला सुचला नसता, त्याने रिव्ह्यू वाचले असते.

९ नोव्हेंबर
बाहेर आठवडाभर पाऊस, म्हणून धुणं गॅरेजातल्या दोरीवर. स्कर्टही तिथेच वाळत होता. आज काढला आणि उभा चिरला. कापड उत्तम, वाटलं होतं त्याहून बरंच जास्त निघालं. मागे खिसा, खिशाला बटण. इंग्लिश शाळांची शिलाई मानली पाहिजे. खिसा उसवायला मन झालं नाही, तसाच किनारीत घेतला. बाळ मोठं झालं की खडीसाखर ठेवील.

१३ नोव्हेंबर
राजीव सकाळपासून सुटाची काळी पँट शोधतोय. ऑफिसातलं कोणी वारलं, तिथे जायचं आहे. शिल्पावर ओरडला. पन्नाशीच्या माणसाला स्वतःची पँट सांभाळता येत नाही, आणि माझे दिवे निवडणार. शेवटी जीन्सवर गेला. लाज वाटली मला.

२१ नोव्हेंबर
गोधडी पुरी. शिल्पा म्हणाली, आई, एकदा खिडकीशी आणा ना, दिवसाच्या उजेडात बघू. मी साफ नाही म्हटलं. बारशालाच उघडायची. तिने हत्तींचं ब्लँकेट धुऊन ठेवलंय, पाहिलं मी. धुवा खुशाल.

२९ नोव्हेंबर, दुपार
बारसं. महिनाभर तोंड न दाखवलेलं ऊन नेमकं आज पडलं. पाळणा खिडकीपाशी. बायका जमल्या. मी गोधडी झटकून पसरली.
बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, दिपल्या.
मग शिल्पाची मैत्रीण रेखा म्हणाली, काकू, काळी किनार? बारशाला?
मी म्हटलं, निळी आहे.
ती म्हणाली, बरं.
हे बरं फार वाईट असतं. मी पुन्हा पाहिलं. ऊन डोळ्यांत जात होतं, उन्हात काही नीट दिसत नाही. मधल्या इरकलीशेजारी जांभळ्या टाक्यांच्या रांगा होत्या, त्या मी लाल घातल्या होत्या.
राजीव पुढे आला. किनार उचलली, खिशात बोट घातलं, बटण पाहिलं. म्हणाला, आई, ही माझी पँट आहे.
मी म्हटलं, काळं तर काळं. लेकराला तीट काळीच लावता ना? संक्रांतीला काळं झबलं घालता ना? मी संक्रांतीचा विचार करून केलंय. रेखा म्हणाली, हो, पण संक्रांत जानेवारीत असते, काकू. या बाईला कोणी बोलावलं?
तनू माझ्या गळ्यात पडली. आजी, खूप छान झालाय गोधडी, म्हणाली, फक्त फोटोत नको, चालेल? तिला गोधडीचं लिंगही कळत नाही, पण आवाज तिने फार जपून लावला होता. त्याचाच राग आला. कोणी भांडलं असतं तर मी जिंकले असते.
बाळाचं नाव अन्वी ठेवलं. पाळण्यात, हत्तींवर.
मी बारशाला बसले. भरल्या घरात उठून जायचं तर कोणीतरी हात धरायला लागतं, आणि तेव्हा कोणाकडे हात मागायचा नव्हता.

३० नोव्हेंबर, सकाळ
गोधडी गॅरेजात आणली. दिवा लावला. निळी. मी म्हटलंच होतं. शाळेच्या स्कर्टासारखी निळी, टाके लाल. चूक दिव्याची नाही, माझी नाही, फ्रंट रूममधल्या उन्हाची आहे.
राजीव दारात येऊन म्हणाला, ती चारहजारवाली पट्टी अजून आहे, लावू का? म्हटलं, मुळीच नको. त्याने आग्रह केला नाही. पँटचाही विषय काढला नाही. हल्ली सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपतात, शिसारी येते.
तनू निघायच्या आधी म्हटलं, लेकीला दोन मिनिटं इथे आण, गोधडीवर ठेव, मग सांग. ती म्हणाली, आजी, इथे खूप थंडी आहे. तरी आणली. अन्वीला गोधडीवर ठेवलं. तिने वर दिव्याकडे पाहिलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि अशी रडायला लागली की इथन धावत आला. घेऊन गेले. गाडी गेली.
आता गोधडी माझ्या गुडघ्यांवर आहे. गार फरशीवर बसायचं तर काहीतरी लागतंच.
निळी आहे. आज इतका वेळ बघितली. उबदारही आहे.