खाडीवर माझा आवाज

४ मे १९८६
लडकूमामा दोन जुने वॉकीटॉकी ठेवून गेला. धरमतरच्या खाडीत तो बार्जवर तांडेल आहे, म्हणजे बार्ज चालवणारा मुख्य. गुडघे गेल्यामुळे शिडी चढवत नाही. मालक म्हणालाय, वरची कामं करायला नि सेटवर बोलायला पोरगा आण, तरच तुझी जागा राहील. मालक पंचवीस तारखेला माझी परीक्षा घेणार. बोलायला आपल्याला येतंच. निम्मं काम आजच झालं.

५ मे
मामानं शिकवलेलं : बटण दाबायचं, बोलायचं, ओव्हर म्हणायचं, बटण सोडायचं, ऐकायचं. सोपं काम लोक उगाच अवघड करून सांगतात. दुसरा सेट धाकट्या बहिणीला, मैनाला दिला. संकल्प : रोज पहाटे सराव.

९ मे
सराव राहिला. उकाडा फार. शिळफाट्यावर ट्रकवाल्यांना सेट दाखवला. लोकांना माहिती द्यायला हवी. चहा फुकट. बॅटरी उतरली, चार्जिंगला लावली तर लाईट गेली. या तालुक्यात राहून दर्यावर्दी घडणं कठीणच.

१२ मे, दुपार
मध्ये डोंगर आला की आवाज पोचत नाही, असं मामा म्हणाला होता. म्हणून ठाकरवाडीच्या वरच्या टेकाडावर गेलो. मैनाला अंगणात सेट घेऊन उभी केली. वाटेत करवंदं लागली. तिथं जरा वेळ गेला. ठाकरवाडीतली आवडी पाटी भरत होती. तिनं विचारलं, यावर गाणी लागतात का. नाही म्हटल्यावर तिनं पुन्हा पाहिलंच नाही.
वरून मात्र झकास बोललो. हवामान, माझे विचार, बोटीवरची शिस्त. मैनाचं उत्तर नाही. घरी आलो तर ती उन्हानं लाल झालेली. म्हणाली, "दादा, तू बटण सोडतच नायस. मी बोलू कवा?"
तिला समजावलं, मध्येच थांबलं की माणूस घाबरल्यासारखा वाटतो.

१७ मे
गावातला पदू टेंपो घेऊन कळंबला निघाला होता, बसलो. तिथं कुणाचंतरी लग्न निघालं. जेवणाला थांबलो, मग वरातीला, मग झोपलो. सेट बरोबर होता, तेव्हा सराव धरायला हरकत नाही.

२१ मे
मामा येऊन गेला. तयारी कशी हाय, म्हणाला. मी म्हटलं, झाली. त्यानं मैनाला विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नि म्हणाली, "बोलतो चांगला."
बहीण असावी तर अशी.

२५ मे, रात्र
धरमतरहून आलो. अंग मोडून गेलंय.
मालक धक्क्यावर खुर्ची टाकून बसला होता, मी सेट घेऊन शेजारी. मामा बार्जवरून सांगेल ते ऐकून मालकाला सांगायचं, एवढंच. मी आधी ओळख दिली. मग वाऱ्याबद्दल बोललो, खाडीच्या पाण्याबद्दल बोललो. मामा लांबून हात हलवत होता. मीही हलवला.
तो दोर झेलायला माणसं मागत होता, म्हणे. बार्ज धक्क्याला घासलं. लाकूड फुटलं. तेवढ्यात एका लाँचचा तांडेल ओरडत आला, कोण बटण धरून बसलंय, कधीपासून खाडीत कुणाला कुणाशी बोलता येत नाय. मालकानं माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठा बटणावरच होता. दाबून दाबून पांढरा पडला होता.
मामा शिडीवरून एकेक पाय टेकत उतरला. मालक त्याला म्हणाला, "लडकू, आता तूबी घरीच बस."
येताना एसटीत मामा खिडकीकडे तोंड करून बसला. मी बरंच बोललो.

२७ मे, संध्याकाळ
मामा ट्रंक घेऊन आमच्याकडे आला. सेट मालकाला परत गेले.
मामाला धीर द्यायचं ठरवलं. तो ओटीवर, मी पायरीवर डोंगराकडे तोंड करून. म्हटलं, मामा, साजगावला कारखाने आहेत, मी कुठंही लागेन, तुला बसून खायला घालीन. चूक कुणाकुणाची, तेही नीट मांडलं. धक्क्याची, वाऱ्याची, मालकाची, थोडी माझीही. अंधार पडत आला. शेवटी विचारलं, मामा, तुला काय वाटतं?
वळून पाहिलं तर ओटीवर कुणी नाही.
मैना म्हणाली, मामा केव्हाच मागच्या दारानं विहिरीवर गेला. घरात पाणी नव्हतं. दोन्ही हंडे घेऊन गेलाय.